हयात आईचा शोक समाचार

एकाहत्तरच्या हिवाळ्यात मी जबलपूरच्या एका लहानशा हिंदी दैनिकात जाहिरातींच्या खिडकीवर बसायचे. लढाईमुळे बाकीच्या जाहिराती आटल्या होत्या, शोक समाचार तेवढे रोज यायचे. संपादकांनी एक नियम घालून दिला होता. मृत्यू बाहेरगावचा असेल तर तार पाहिल्याशिवाय मजकूर घ्यायचा नाही.

एका दुपारी दारूगोळ्याच्या कारखान्याच्या खाकी कपड्यांतला, चाळिशीचा एक माणूस आला. माझं मराठीत काहीतरी पुटपुटणं ऐकून एकदम म्हणाला, "ताई, तुम्ही आपल्यातल्याच दिसता. बरं झालं. आई गेली माझी, नागपूरला."

"कधी?"

"काल."

"किती वाजता?"

मी तार मागितली. त्यानं खिशातून काढली, पण हातातून सोडेना. मग खाली बघत म्हणाला, "चार दिवस झाले, काहीच खाऊन नाही राहिली."

मी तार ओढून घेतली. आई अत्यवस्थ, लवकर ये, एवढंच होतं तीत.

"म्हणजे त्या आहेत!"

"हळू बोला, ताई." त्याच्यामागे दोघं उभे होते. "लढाई आहे, रजा बंद. साहेबाला तार दाखवली तर म्हणाला, बीमार तो सबकी माँ है. कोणी मेलं तरच चार दिवस देतात, तेही पेपरात पाहून. मेल्यावर जाऊन काय करू मी? ती बोलून राहिली आहे तोवर जायचं आहे मला."

"जिवंत माणसाचं असं छापतात काय?"

"तिला वाचता येत नाही. अन् तुमचा पेपर नागपूरला जात नाही."

मला नाही म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं, "मजकूर काय लिहू?"

संध्याकाळी संपादकांनी कागद चाळता चाळता विचारलं, "तार देखी?"

"जी, देखी." पाहिली तर होतीच.

सकाळी काळ्या चौकटीत त्या बाईंचं नाव छापून आलं. मला धसका एकच होता, इथल्या कुणी ओळखीच्यानं नागपूरला सांत्वनाची तार ठोकली तर? दुसऱ्याच दिवशी धोतर नेसलेले एक वयस्कर मराठी गृहस्थ आले. "या बाई आमच्या दूरच्या नात्यातल्या असाव्यात. पत्ता द्या, दोन ओळी लिहितो."

पत्ता माझ्या ड्रॉवरमध्ये होता. "पत्ता दिला नाही हो त्यांनी," मी म्हटलं. त्यांनी पेपर घडी करून काखेत मारला आणि गेले.

पाचव्या दिवशी तो आला. डोक्याचा गोटा केलेला. "गेल्या?"

"नाही. माझ्या हातून पेज प्यायली. मला ओळखलं, पोरांची विचारपूस केली."

"मग हे डोकं?"

"येताना तिलवाऱ्याला उतरलो अन् नर्मदेच्या घाटावर करून घेतलं. त्याशिवाय कारखान्यात कसा जाऊ?" त्यानं तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. "आई हयात असताना, ताई."

पुढची बातमीही मला त्याच्याकडूनच कळली. महिन्याभरानं तो पुन्हा खिडकीशी उभा होता, डोक्यावर नखाएवढे केस. तो परतल्यानंतर अकरा दिवसांनी आई गेली होती. खरी तार आली तेव्हा तो मशीनवर होता. ती घडी करून त्यानं खिशात घातली आणि पाळी पुरी केली. कारखान्याच्या लेखी त्याची आई आधीच गेली होती, रजा कशाची मागणार? अग्नी धाकट्या भावानं दिला.

"भाऊ विचारतो, काहून नाही आलास? काय सांगू त्याला?"

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आता छापायचं का?"

"पुन्हा?" तो म्हणाला, आणि सायकलीकडे वळला.

नंतर तो मला बाजारात दोनदा दिसला. दोन्ही वेळा त्यानं लांबूनच नमस्कार केला. थांबला नाही, आणि मीही हाक मारली नाही.