चकचकीत काळी गिटार

कुठलीही डबी उघडण्याआधी बर्वे वहिनी ती उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचत. चष्मा हाताशी नसला की डबी माझ्या हातात येई. "भाऊजी, तुम्ही तपासणी खात्यातले. माझ्याकडे काय बघून राहिलात? वाचा."

भोपाळच्या कारखान्याच्या वसाहतीत आम्ही शेजारी होतो. वहिनी वसाहतीच्या शाळेत शिकवत. माहेर ग्वाल्हेरचं, त्यामुळे बोलण्यात हिंदी सहज मिसळे. त्या हवाईयन गिटार वाजवत: मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांब सरकवत. गणेशोत्सवात मंडळाच्या मंचावर दरवर्षी त्यांचं वादन असे.

एका हिवाळ्यात बर्वे गेले. गिटार पलंगाखाली पेटीत पडून राहिली. श्रावणात वहिनींनी ती बाहेर काढली, तेव्हा तिच्या काळ्या रंगावर धुरकट थर चढला होता.

सल्ले देणारे पुष्कळ होते. एकानं फर्निचरवर मारायचा फवारा दिला. मी मागचं वाचलं: सिलिकॉन. वहिनी म्हणाल्या, "हटवा. हे लाकडात मुरलं की पुढे नवा रंग बसणार नाही." गोविंदपुऱ्यातल्या वर्कशॉपमधून मी घासायची पेस्ट आणली. वहिनींनी ती बोटांत चोळून पाहिली. "ही तर रेती आहे, भाऊजी. तुमच्या लोखंडाला चालेल."

शेवटी जवाहर चौकातून एक सौम्य पॉलिश आणि कार्नौबा ताडाच्या पानांचं कडक मेण आणलं. आधी मागच्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा जागी लावून पाहिलं. मग ओलसर फडकं, मग पॉलिश आणि सगळ्यात शेवटी मेणाचा अगदी पातळ हात. रंगाला जिथे केसासारखे तडे होते तिथे मेण जाऊ दिलं नाही. तड्यात गेलं तर पांढरी रेघ राहते. मी विचारलं, थेट मेणच का नाही? "मळावर मेण लावलं तर मळच चमकेल ना."

गिटारीत खिडकी दिसू लागली, तेव्हा त्यांची नणंद आली होती. "वहिनी, वर्ष तरी होऊ दे. निदान इतकी चकचकीत नको. लोक काय म्हणतील?"

फडकं थांबलं नाही. "वन्सं, तुमचे भाऊ रोज बूट चमकवून ड्युटीवर जायचे. त्यांच्या बायकोनं मळकट का राहायचं?"

दोन दिवसांनी मंडळाचे सचिव नाईक आले. मी तिथेच होतो. "वहिनी, यंदा तुम्हाला पहिल्या रांगेत मानानं बसवू. मंचावर मात्र नको."

"मान बसायला आहे, वाजवायला नाही?"

"समितीचं ठरलंय."

ते खरं होतं. मी मंडळाचा खजिनदार होतो. विरोधात मत फक्त माझं पडलं होतं.

"ठीक आहे," वहिनी म्हणाल्या. "मंचावर वादनाचा कार्यक्रम असेल त्याच संध्याकाळी मी माझ्या अंगणात वाजवीन. ज्याला यायचं तो येईल. तुम्हीही या, नाईक साहेब."

त्या संध्याकाळी त्यांनी ओसरीचा दिवा लावला, ॲम्प्लिफायर जोडला आणि मांडीवर गिटार घेऊन बसल्या. समोर मी आणि माझी बायको. पहिली धून संपेपर्यंत रस्त्यापलीकडच्या मंडपातले लोक येऊ लागले, काही जण मंडळाच्या खुर्च्या उचलून. मंडळाच्या खुर्च्या मंडपाबाहेर न्यायच्या नाहीत हा नियम मीच केला होता, म्हणून मी घरची आणली होती. इतरांना मात्र अडवलं नाही.

थोड्या वेळानं नाईकांचा निरोप घेऊन एक कार्यकर्ता आला. "काकू, आवाज जरा कमी करा. आणि साहेब म्हणतात, असा दिव्याखाली देखावा बरा दिसत नाही."

वहिनींनी हात पुसले आणि बटण फिरवून आवाज आणखी थोडा वाढवला. "त्यांना सांग, तिथून डोळ्यांत खुपत असेल तर पाठ करून बसा. ऐकू येईलच."

मी माझी खुर्ची दिव्याच्या उजेडात पुढे ओढली.