पंच मी होतो

मेहकरच्या बसस्टँडमागे एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर पूल पार्लर होतं. खाली खताची पोती, वर हिरव्या कापडाची दोन टेबलं. युरियाचा वास जिन्यानं वर यायचा आणि कपड्यांत बसायचा. घरी गेलं की आई विचारायची, शेतात गेला होतास का. तिथं माझा मित्र खेळायचा आणि मी त्याला पाहायचो. माझ्या तरुणपणाची सहा-सात वर्षं यातच गेली.

मीही खेळायचो म्हणा. पण माझं खेळणं बॉल पॉकेटात गेला पाहिजे एवढ्यापुरतं. तो एक बॉल घालताना पुढच्या तीन बॉलांचा रस्ता करून ठेवायचा. उंच, काटकुळा, एसटी डेपोतल्या मेकॅनिकचा पोरगा. वाकला की हनुवटी स्टिकला टेकायची आणि चेहरा एकदम लहान मुलासारखा व्हायचा. मारून झालं की बॉल पडायची वाट पाहायचा नाही. बॉल अजून घरंगळत असायचा आणि हा पाठ फिरवून पुढच्या जागेवर निघालेला.

त्या पाठ फिरवण्यानंच गावाचे दोन भाग झाले. अर्धे म्हणायचे, असा खेळणारा जिल्ह्यात नाही. अर्धे म्हणायचे, माज आला आहे. माज होताही थोडा, मी नाकारत नाही. समोरचा नेम धरत असताना हा हळूच म्हणायचा, "दादा, आरामात मारा. जाणार तं नाहीच." कच्च्या खेळाडूशी खेळायला सरळ नाही म्हणायचा. पण दुसऱ्या एखाद्या घरातल्या पोरानं हेच केलं असतं तर लोक कौतुकानं हसले असते, हेही मला माहीत होतं. त्याचं घर विहाराच्या गल्लीत होतं. माझं घर कारकुनाचं, देवळाच्या बाजूचं. तो आमच्याकडे आला की वडील त्याच्याशी नीट बोलायचे, आई चहा द्यायची आणि तो गेल्यावर कोणीच काही बोलायचं नाही. त्या न बोलण्याचा अर्थ मला कळायचा. त्यालाही कळत असावा, कारण हळूहळू त्यानं येणं कमी केलं. मी कधी विचारलं नाही, काऊन येत नाहीस म्हणून.

मग ती मॅच झाली.

पार्लरच्या मालकानं आजूबाजूच्या तालुक्यांची स्पर्धा ठेवली होती. अंतिम सामना माझ्या मित्राचा आणि चिखलीच्या एका टायरवाल्याचा. हे टायरवाले भाई पन्नाशीचे, डावखुरे, खेळताना अवाक्षर न बोलणारे. पंच कोण, यावर वाद सुरू झाला. मेहकरचा नको, असं चिखलीवाले म्हणाले. तेव्हा भाईंनीच माझ्याकडे बोट केलं. "ये लड़का सीधा है. इसी कू खड़ा करो."

सामना शेवटच्या डावापर्यंत गेला. टेबलावर थोडेच बॉल उरले होते. माझ्या मित्राला लांबचा फटका होता, तो टेबलावर जवळजवळ आडवा झाला. बाहीचं बटण एका बॉलच्या अगदी वरून गेलं. त्यानं मारलं, बॉल पडला आणि भाई शांतपणे म्हणाले, "फाऊल है. बाही लगी. बॉल हिला."

पार्लरमध्ये कालवा झाला. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी बॉल पाहत नव्हतो. मी नेहमीप्रमाणे त्याचा चेहरा पाहत होतो. पण हे सांगायचं कसं? मी त्याच्याजवळ गेलो आणि हळूच विचारलं, "लागला काय बे?"

त्यानं माझ्या डोळ्यांत पाहिलं. "नाही लागला."

मी वळलो आणि मोठ्यानं म्हणालो, "मी पाह्यलं. नाही लागला."

भाईंनी वाद घातला नाही. माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मित्रानं उरलेले बॉल घातले, आठ नंबरचा काळा बॉल घातला, लोकांनी त्याला उचललं. भाईंनी त्याचा हात हातात घेतला, माझाही घेतला आणि जिना उतरून गेले. ते परत कुठल्याच टेबलावर दिसले नाहीत.

त्या दिवसापासून भांडण त्याच्या खेळावरून उठून त्याच्या इमानावर आलं. काही जणांनी पार्लरच सोडलं. मला चहाच्या टपरीवर 'दोस्ताचा पंच' म्हणू लागले. मी प्रत्येकाशी भांडायचो. माझ्या सख्ख्या मेव्हण्याशी याच गोष्टीवरून वर्षभर बोलत नव्हतो. मला खरंच वाटायचं की लागला नव्हता. त्यानं नाही म्हटलं होतं ना. त्याचं म्हणणं हेच माझं पाहणं होतं.

तो पुढे अमरावतीला, नागपूरला खेळून आला, जिंकूनही आला. जीभ मात्र आणखी तिखट झाली. मग त्याचे वडील गेले, डेपोतच, काम करता करता. वर्षश्राद्धासारखं काही त्यांच्यात नसतं. पुण्यानुमोदन झालं, आणि त्यानंतर त्याच्या आईनं त्याला डोणगावकडच्या एका विहारात दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिराला, म्हणजे तेवढ्यापुरतं भिक्खू होऊन राहायला, धाडलं. पोरगा घरात कोणाशी बोलत नाही, जरा मन थाऱ्यावर येईल, एवढाच तिचा हिशेब.

मी त्याला चिडवलं होतं. "टक्कल करून येशील तं पार्लरमध्ये हसतीन लोक."

अकराव्या दिवशी तो आला. मुंडण केलेलं, पायात साध्या चपला. मी म्हटलं, चल, टेबल रिकामं आहे. तो म्हणाला, "नको." खाली कृषी केंद्राच्या ओट्यावर बसलो. तो म्हणाला, "दहा दिवस मले कोणी पाह्यलंच नाही. बरं वाटलं लय."

"म्हंजे आम्ही पाहतो ते वाईट वाटते?"

"तसं नाही बे."

एवढं म्हणून तो उठला. स्टिक त्यानं कोणालातरी देऊन टाकली. मला द्यायला पाहिजे होती, असं मला वाटलं. त्याला सुचलंही नसावं.

धर्मातही तो मऊ झाला नाही. विहारात बसून वडीलधाऱ्यांना विचारायचा, पंचशील घेता आणि बाहेर जाऊन पिता कसे? जयंतीच्या मिरवणुकीत डीजे नको म्हणून पोरांसमोर आडवा उभा राहिला. तिथंही अर्धे त्याच्या पायाशी बसायचे आणि अर्धे वैतागायचे. त्याची आई मला म्हणाली, "याले कोठीच मधात चालता येत नाही रे बाप्पा." मला तर वाटायचं, खेळासारखंच हेही एक भूत आहे, उतरेल सहा महिन्यांत.

उतरलं नाही. त्यानं कायमचं चीवर घ्यायचं, भिक्खूच व्हायचं ठरवलं. त्यासाठी आईची परवानगी लागते. तिनं दोन महिने दिली नाही, मग एके सकाळी दिली. मला तिनं कारण सांगितलं ते एवढंच: "रोज सकाळी उठून माह्या तोंडाकडे पाह्यचा. मागत नव्हता काही. नुसता पाह्यचा."

मी त्या कार्यक्रमाला गेलो होतो. मागच्या रांगेत बसलो, काय करायचं ते कळत नव्हतं म्हणून शेजारच्यांचं पाहून हात जोडत होतो. त्यानं केशरी चीवर घातलं, नवं नाव घेतलं. मग घरचे वंदनाला पुढे झाले. त्याची आई गुडघ्यांवर बसली. तिचे गुडघे दुखायचे, एका हातानं तिनं सतरंजी धरली होती. तिनं पोटच्या पोराच्या पुढं तीनदा डोकं टेकवलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. त्याची नजर खाली होती, जराही हलली नाही. बाया म्हणत होत्या, भाग्याची आहे माय. ती उठली तेव्हा मी हात द्यायला पुढे झालो, पण तिच्या पुतणीनं आधीच धरलं होतं.

मी वंदन न करताच निघून आलो.

दीड वर्षानंतर तो तहसीलमध्ये आला. मी तिथं लिपिक आहे. दुपारची वेळ, टेबलापुढे दाखल्यांसाठी गर्दी. एकदम गर्दी बाजूला झाली, आणि समोर भन्ते उभे. मी उठून उभा राहिलो. शिपायानं खुर्ची पुसली.

"तुम्हाला वेळ असेल तर चिखलीला जायचं आहे," तो म्हणाला.

तुम्हाला. मी रजेचा अर्ज देऊन निघालो.

बसमध्ये लोकांनी त्याला खिडकीची जागा दिली. मी त्याच्या मागच्या सीटवर बसलो. कशासाठी जायचं, ते त्यानं सांगितलं नव्हतं. चिखलीत टायरच्या दुकानापाशी उतरल्यावर मला कळलं आपण कुठं आलो ते.

भाई म्हातारे झाले होते. खुर्चीवर बसून मुलाला काम सांगत होते. त्यांनी आम्हाला बसायला दिलं, पाणी मागवलं. मित्र हात जोडून म्हणाला, "त्या सामन्यात माझी बाही बॉलला लागली होती. बॉल हलला होता. मला कळलं होतं. मी खोटं बोललो. मला क्षमा करा."

भाई जरा हसले. "हमकू मालूम था ना. हमारे आँखों के सामने हिला वो." मग ते माझ्याकडे वळले. "बुरा इनका नहीं लगा था, बेटा. ये तो खेलनेवाले, जीतना इनका काम. तुमकू तो मैंने खड़ा किया था."

मला वर पाहता येईना.

भाईंनी मित्राला विचारलं, "अब नहीं खेलते?"

"नाही."

"गलती करी," भाई म्हणाले. "वैसा हाथ मैंने दुसरा नहीं देखा. माफी मांगने कू खेल छोड़ना काय कू?"

तो हात जोडून उठला. भाईंनी आम्हा दोघांना दारापर्यंत सोडलं.

स्टँडवर मेहकरची गाडी लागायची होती. आम्ही कडुनिंबाखाली उभे होतो. सात वर्षं मी लोकांशी भांडलो होतो, मेव्हण्याशी बोलणं सोडलं होतं, एका सरळ माणसाला खोटं पाडलं होतं. मी म्हणालो, "मले तरी सांगायचं होतं. एकट्याले. त्याच दिवशी."

"तुमचीही क्षमा मागतो," तो म्हणाला आणि हात जोडले.

"क्षमा नको मले. एकदा बे म्हण."

तो खाली पाहत उभा राहिला. आईच्या वेळी होता तसाच. मग माझ्या तोंडून ते निघालं. "पहिले लोकाईनं पाहावं म्हणून खेळायचा. आता लोकाईनं पाहावं म्हणून चीवर घातलं तू. बाकी तं काही बदललं नाही तुह्यात."

त्यानं डोळे वर केले. डोळे भरले होते. तेवढ्यात गाडी आली, लोक धावले आणि मी चढून गेलो. तो चढला नाही. मागून येईल असं मला वाटलं. गाडी सुटली तेव्हा तो झाडाखालीच होता. हीच आमची शेवटची भेट.

मी माफी मागायला जाणार होतो. पुढच्या महिन्यात, मग पावसाळ्यानंतर, मग निवडणुकीचं काम संपल्यावर. तोवर तो मराठवाड्यात कुठंतरी, मग आणखी लांब गेला असं ऐकलं. त्याच्याजवळ फोन नव्हता. असता तरी मी केला असता का, कोण जाणे.

गेल्या वर्षी ऑफिसच्या ग्रुपवर एक मेसेज आला. कुण्या भन्तेंचं अल्पशा आजारानं निधन, पाली नाव, हार घातलेला फोटो. फोटो छोटा होता, चेहरा सुजलेला होता. असे मेसेज रोजच येतात. मी दोन हात जोडलेलं चिन्ह टाकलं आणि दाखल्यांवर सह्या घ्यायला साहेबांकडे गेलो.

चौथ्या दिवशी डेपोतला एक माणूस म्हणाला, "तुमचे दोस्त गेले ना भाऊ. काविळीनं." मी म्हटलं, कोण दोस्त? त्यानं सांगितलं. मी मोबाईल काढून तो मेसेज शोधला. त्याचं ते नवं नाव मी कधी लक्षातच ठेवलं नव्हतं. त्याच्या मरणाखाली माझे दोन हात जोडलेले होते, जवळजवळ सगळ्यांच्या आधी, दुसऱ्याच नंबरावर.

त्याच्या आईकडे जायला मला आणखी आठवडा लागला. ती ओट्यावर तूर निवडत बसली होती. मला पाहून सरकली, जागा केली. मी बसलो. तिनंच माझ्या पाठीवर हात ठेवला.

"जेवलास का?"

मी मान हलवली. ती पुन्हा तूर निवडू लागली. निवडता निवडता म्हणाली, "मी त्याले भिक्कू झालेला पाह्यला. समद्या गावानं पाह्यला. पण खेळतांना कदी पाह्यलं नाही. बाया कोठी जात होत्या तिथं? तू तं रोज होता संगं. कसा दिसे रे तो खेळतांना?"

मी सांगायला लागलो. तो कसा वाकायचा, हनुवटी कशी टेकायची, चेहरा कसा लहान पोरासारखा व्हायचा. बॉल पडायच्या आधीच कसा निघायचा. सांगताना मला उठून उभं राहावं लागलं, हात कसा धरायचा ते दाखवायला. गल्लीतून जाणारे पाहत होते. ती सूप मांडीवर ठेवून ऐकत होती.

"अन् कोणी चांगला मारला तं?" तिनं विचारलं. "त्याले राग ये का?"

"नाही काकू," मी म्हणालो. "चांगलं मारलं तं सगळ्यात पहिले तोच टाळ्या वाजवे."

हे खरं होतं. हे मी इतकी वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं. भांडणात त्याची गरजच पडली नव्हती. तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "अजून सांग."