फुटक्या वीणेचं गिऱ्हाईक

गिऱ्हाइकाला रिकाम्या हाती परत पाठवण्यात आमच्या दुकानातल्या अण्णांइतका पटाईत विक्रेता साऱ्या बंगळुरात झाला नसेल. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. चिकपेटेतल्या त्या वाद्यांच्या दुकानात आम्ही दोघंच मराठी आणि दोघंही कमिशनवर. विकलं तर मिळणार, नाहीतर हात हलवत घरी. तरीही वाद्य दाखवण्याआधी अण्णा गिऱ्हाइकाची बोटं बघायचे, त्याला काहीतरी गुणगुणायला लावायचे. व्हायोलिन मागायला आलेल्या एका फौजदाराला त्यांनी शांतपणे सांगितलं होतं की हा हात मृदंगाचा आहे, आणि आमच्याकडचे मृदंग सध्या बरे नाहीत. फौजदार आभार मानून गेला. मालक मात्र दुपारभर पंख्याखाली बसून घाम पुसत होते.

दसऱ्याच्या तोंडावर मालकांनी अण्णांना बजावलं, आणखी एक गिऱ्हाईक परत गेलं तर तुम्हीही त्याच्यामागोमाग जा. अण्णा 'सरी', म्हणजे बरं, म्हणाले आणि तंबोरे लावायला बसले.

दोनच दिवसांनी मल्लेश्वरमहून शाळेत शिकवणाऱ्या एक बाई मुलीला घेऊन आल्या. मुलीची वीणेची परीक्षा जवळ आली होती. त्या माझ्याकडे वळल्या, तशी मालकांनी डोळ्यांनीच मला कोपऱ्यातली वीणा दाखवली. तिच्या लाकडी भोपळ्याला चीर होती. लाख भरून वर पॉलिश मारलं होतं. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. माझं लग्न होऊन चार महिने झाले होते. मी वीणा उचलून मुलीपुढे ठेवली.

मुलगी वाजवू लागली. मी बघत होतो ते अण्णांकडे. मान खाली घालून ते एक खुंटी घासत होते. त्यांचा हात थांबला. बोलू नका, असं मी मनात शंभरदा म्हटलं असेल. तेवढ्यात बाईंनीच, वडीलधारा माणूस म्हणून, त्यांना विचारलं, घेऊ का ही?

अण्णांनी मालकांकडे पाहिलं. मग चष्मा काढून ते कन्नडात म्हणाले, "अम्मा, हिच्या भोपळ्याला चीर आहे. उन्हाळ्यात उघडेल."

मालक हसले. म्हाताऱ्याला हल्ली भास होतात, म्हणाले. बाई गोंधळल्या आणि त्यांनी मलाच विचारलं, खरं काय ते. मालकही माझ्याकडेच बघत होते.

"चीर आहे," मी म्हणालो.

बाई गेल्या. पाठोपाठ आम्ही दोघंही. रस्त्यावर येताच अण्णा माझ्यावर उखडले. "मी बोललो होतो ना? मग तू कशाला तोंड उघडलंस? घरात नवी बायको आहे, स्वल्प अक्कल नको?" मग एका हॉटेलात नेऊन त्यांनी एका कॉफीचे दोन पेले करवून घेतले. माझ्या पेल्यात जरा जास्तच ओतली.

पुढचे आठ दिवस ते माझ्यासाठी दुकानोदुकानी हिंडले. अव्हेन्यू रोडवर एके ठिकाणी मला जागा मिळाली. "माझंही एका दुकानात जमलंय," असं अण्णांनी सांगितलं आणि मी निर्धास्त झालो. कामाच्या धबडग्यात त्यांच्याकडे जाणं राहूनच गेलं.

वर्षभरानं नवे मालक सहज बोलून गेले की त्यांना खरं तर अनुभवी माणूस हवा होता. त्यांनी अण्णांनाच 'या' म्हटलं होतं. जागा एकच, तेव्हा अण्णा माझंच नाव पुढे करत राहिले.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. दाराला कुलूप होतं. शेजारच्या अक्का म्हणाल्या, उन्हाळ्यातच ते हुबळीला लेकीकडे गेले. पत्ता त्यांच्याकडे नव्हता.