भिंगरी बाकावर बसते

तिला भिंगरी हे नाव कुणी ठेवलं, यावर जिन्यात दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो सासूनं, दुसरा म्हणतो थोरल्या जावेनं. सासू आता सांगायला राहिली नाही आणि थोरली जाऊ कबूल व्हायला तयार नाही, त्यामुळे वाद अजून चालू आहे. नाव मात्र असं चिकटलंय की खुद्द नवरासुद्धा कागदपत्रं भरताना क्षणभर अडखळतो. चहा प्यायची तर उभ्यानं. भाजी निवडायची तर ताट हातात धरून फेऱ्या मारत. शेजारणीकडे गप्पांना आली की एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. ‘बस की गं’ म्हटलं तर म्हणणार, ‘नको, एकदा बसले की उठवत नाही.’ साफ खोटं. बसली की तिला बसवत नाही, एवढीच खरी गोष्ट आहे.

यात तिचा दोष नाही, धंद्याचा आहे. भिंगरी मोठ्या लाँड्रीत कामाला आहे. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथे गाड्या भरभरून येतात आणि धुऊन, सुकून, घडी होऊन परत जातात. भिंगरी घडीवर. घडीचं काम जोडीनं करायचं असतं. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, आपापली दोन टोकं धरायची, चादरीला एक झटका द्यायचा. मग कोपऱ्याला कोपरा लावून एकीनं चालत दुसरीपाशी जायचं, टोकं तिच्या हातात द्यायची, खाली लोंबणारी घडी उचलायची आणि मागे सरकायचं. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दोन बायका दिवसभर एकमेकींना भेटतायत आणि दर भेटीत काहीतरी बिनसून लांब होतायत.

आणि समोर कोण? तर थोरली जाऊ. घरी या दोघींचं कपडे वाळत घालायच्या दोरीवरून, जिन्यातल्या केरावरून, पाहुण्यांसमोर कुणी आधी चहा टाकला यावरून वाजायचं. पण चादर हातात आली की एक शब्द बोलावा लागत नसे. झटका एकाच वेळी. बाकीच्या जोड्या ‘हं’, ‘घे’, ‘अगं वर धर’ करत असायच्या. या दोघी मुक्यानं ढीग उतरवायच्या. भांडण फारच ताजं असलं तर जाऊबाई आपल्या बाजूनं झटका जरा जास्त द्यायच्या, की चादर भिंगरीच्या हातातून निसटायचीच. तेवढ्यात भिंगरीला कळायचं, सकाळचा विषय अजून मिटलेला नाही.

मग एक दिवस मॅनेजरनं सगळ्यांना वाफेच्या नळाशेजारी उभं करून सांगितलं की घडीचं मशीन येतंय. मशीनच्या तोंडाशी चादर भरवायला दोन माणसं, आणि स्क्रीनपाशी एक. स्क्रीनवर काय आलंय ते वाचायचं, मापं घालायची, बिघाड झाला तर काय झालंय ते लिहायचं. त्या जागेसाठी आठवी पासचा दाखला हवा.

“आणि बाकीचे, साहेब?” कुणीतरी विचारलं.

“बघू,” मॅनेजर म्हणाला.

हे ‘बघू’ फार वाईट. ‘नाही’ म्हटलं तर माणूस निदान भांडतो. ‘बघू’ घेऊन सगळे घरी गेले, आणि भिंगरीला तर त्या दिवसापासून उभ्यानंही चैन पडेना. तिची शाळा पाचवीत सुटली होती. आई कामाला जायला लागली, घरात तान्हं भावंड होतं, आणि ते सांभाळायला ज्याची शाळा सुटली तरी कुणाला काही वाटणार नाही असं एकच माणूस होतं. जागा एक, हपापलेल्या जोड्या पाच. भिंगरीनं कुणाला न सांगता प्रौढांच्या आठवीच्या वर्गात नाव घातलं. कुणाला न सांगता म्हणजे आपल्या जिन्याच्या मानानं. संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावरच्या बहिऱ्या आजोबांनासुद्धा कळलं होतं.

नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी जेवताना सुरू केलं, “मास्तरीणबाई, या भाजीत मीठ शेकडा किती?”

“तुम्हाला चालतं तेवढं. नसेल चालत तर उद्यापासून तुम्ही करा, मी तपासते.”

 नवरा तसा भला माणूस. पुढे बरेच दिवस भाजी खरंच त्यानं केली, आणि मिठाचा विषय परत निघाला नाही.

वर्ग भरायचा लहान मुलांच्या शाळेत, त्यांच्याच बाकांवर. गुडघे वर, पाठ वाकडी, कोपर शेजारच्याच्या बरगडीत. शेजारी एक ड्रायव्हरकाका. सगळं आयुष्य गाडीत गेल्यामुळे बसण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. बसल्या जागी ते असे मुरायचे की हजेरीला त्यांना हलवावं लागे. भिंगरीचं उलट. पाच मिनिटं झाली की तिची टाच बाकाखाली नाचायला लागायची, मग गुडघा, मग सगळा बाक.

“बाई,” काका डोळे न उघडता म्हणायचे, “तुमचा खड्ड्यांचा रस्ता संपला की सांगा.”

मास्तर भिंगरीच्या धाकट्या भावाच्या वयाचा, पण जाणता होता. त्यानं तिला मागच्या भिंतीपाशी उभं राहायची मुभा दिली. तिथे उभी राहिली आणि डोक्यात सगळं शिरायला लागलं. अपूर्णांक तर तिला असे कळले की मास्तर बघतच राहिला. अर्धा, पाव, अर्धपाव. चादरीला रोज तेच तर करत होती. मात्र मास्तर कानीकपाळी ओरडून सांगायचा, “परीक्षेत बसावंच लागेल हं, ताई. उत्तरपत्रिका मशीन तपासतं. बरोबर उत्तराचा गोल काळा करायचा. कागदावर डाग नको, रेघ नको, घडी नको. मशीन लहरी असतं.”

“आमच्याकडेही एक येतंय,” भिंगरी म्हणाली. “त्याचाही स्वभाव कळेलच.”

खरी अडचण वर्गात नव्हतीच, लाँड्रीत होती. वर्गासाठी तिला पाळी संपायच्या जरा आधी निघावं लागे. मॅनेजरनं परवानगी दिली, पण जाऊबाईंसमोर उभं केलं ‘पतंग’ला. हा एक लांबच्या लांब, हडकुळा गडी. इतका उंच की त्यानं हात वर केले की चादर जाऊबाईंच्या डोक्यावरून जायची, आणि झटका असा द्यायचा की ती हवेतच तरंगत राहायची. घड्या तिरक्या, कोपरे बाहेर आलेले. तपासणीतून ढीगच्या ढीग परत यायचे आणि ते जाऊबाईंच्या नावावर लागायचे.

एका दुपारी त्यांच्या सहनशक्तीचा कडेलोट झाला. घडी चालू असतानाच त्या बोलल्या, म्हणजे प्रकरण गंभीर.

“शिकून काय करणारेस गं? चादरीला वाचून दाखवणारेस?”

“जाऊबाई, मशीन आलं की—”

“मशीन आलं की तू स्क्रीनपाशी जाशील. कळतं मला. आठवी नसले तरी एवढं कळतं.” त्यांनी झटका दिला. चादर निसटली नाही. भिंगरीनं घट्ट धरली होती. “आणि माझ्यासमोर कोण? तो पतंग? का भिंत?”

 भिंगरी चालत पुढे गेली, टोकं त्यांच्या हातात दिली, घडी उचलली आणि मागे आली. असं बाकीचा ढीग उतरेपर्यंत दोघी पुढे-मागे करत राहिल्या. पण त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच हिशेब फिरायला लागला. नापास झाले तर ‘बघू’मध्ये दोघीही जाऊ. पास झाले तर जाऊबाई एकट्या जातील. घरी यायची, गॅलरीत पुस्तक घेऊन फेऱ्या मारायची, खालच्या घरातली बाई वर बघून विचारायची, “काय गं, कुठे निघालीस?” कुठेच निघाली नव्हती, हेच तर दुखणं.

 परीक्षेच्या सकाळी जाऊबाई दारातून जाता जाता म्हणाल्या, “पतंगाला आज दिवसभर मी उडवते. जा.”

परीक्षेच्या खोलीत बाक जरा मोठे होते, एवढीच देवाची दया. पर्यवेक्षिका म्हणजे चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून सगळ्या जगाकडे संशयानं बघणारी बाई. तिच्या टेबलावर थर्मास आणि स्टीलचा मग. घंटा होईपर्यंत कुणी उठायचं नाही, पेपर आधी द्यायचा नाही, बोलायचं नाही. भिंगरीनं दोन्ही पाय एकमेकांत अडकवून टाकले आणि कामाला लागली. गोल काळे करत करत ढीग उतरवावा तशी खाली आली. मध्ये एकदा बाक थरथरला तेव्हा पुढच्या बाकावरचे काका मान न वळवता पुटपुटले, “रस्ता आला वाटतं.” बस, तेवढंच.

आणि ती लवकर संपवून मोकळी झाली. हाच घोळ झाला. घंटेला बराच वेळ होता. पाय बांधलेले, पण हात मोकळे. भिंगरी खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर दोरीवर कुणाची तरी चादर वाळत होती, एका कोपऱ्याला जास्त ओढून घातलेली. अशी घालतात का? मधोमध धरायला नको? मनातल्या मनात तिनं ती काढली, झटकली, कोपऱ्याला कोपरा लावला...

भान आलं तेव्हा उत्तरपत्रिका तिच्यासमोर चार पदरी होऊन पडली होती. कोपरे एकावर एक असे नेमके की तपासणीवाल्यानं शाबासकी दिली असती. वर नखानं धारही काढलेली.

 तिनं हात वर केला. पर्यवेक्षिका आली, घडीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

“हे काय?”

“बाई, मी नाही घातली. म्हणजे हातांनीच घातली, पण मी नाही. मी चादरींवर असते.”

“मशीन घेणार नाही हे. जास्तीची पत्रिका नाहीये माझ्याकडे.”

“इस्त्री मिळेल?”

आख्खी खोली हसली. काका जागे झाले. पर्यवेक्षिका मात्र हसली नाही. तिला तो प्रश्न खरंच विचारलाय हे कळलं असावं. भिंगरीची नजर टेबलावर गेली.

“तुमचा चहा गरम आहे का, बाई?”

पुढचं दृश्य ज्यांनी पाहिलं ते अजून सांगतात. पर्यवेक्षिकेनं नियमांचं चोपडं उलटसुलट चाळलं. त्यात चहाबद्दल काही नव्हतं. तिनं थर्मासमधला वाफाळता चहा मगात काठोकाठ ओतला. भिंगरीनं उभं राहून, आधी मगाचं बूड पदरानं कोरडं केलं, पत्रिका पालथी घातली, वर कोरा कागद ठेवला आणि मधल्या चुणीवरून मग फिरवायला सुरुवात केली. दाबून, सावकाश, कडेकडेनं. पहिल्यांदाच सगळ्या खोलीत तिचाच पाय तेवढा स्थिर होता. चहा निवला की पर्यवेक्षिका पुन्हा गरम ओतायची. घंटा झाली तेव्हा उभी चुणी जवळजवळ गेली होती. आडवी राहिलीच.

“मी फक्त गोळा करते,” पर्यवेक्षिका म्हणाली. “पुढचं मशीन जाणे.” आणि तो निवलेला चहा पिऊन टाकला.

भिंगरी तिथून तडक लाँड्रीत गेली आणि चालू घडीत पतंगाच्या हातातून टोकं घेऊन जाऊबाईंना सगळं सांगितलं.  जाऊबाई धुतलेल्या चादरींच्या ढिगावर धपकन बसल्या आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“मेले, घडी घातलीस? परीक्षेला?”

“चार पदरी.”

“कोपरे?”

“जुळलेले होते.”

“मग बरं,” जाऊबाई डोळे पुसत म्हणाल्या. “घराण्याचं नाव तरी राखलंस.”

निकालापर्यंतचे दिवस भिंगरीनं कसे काढले ते खालच्या घरातल्या बाईला विचारा. तिच्या छताचा गिलावा पडायला आला होता. निकाल सांगायला मास्तर स्वतः आला. पास. पण अगदी काठावर. आडव्या चुणीवरची ओळ मशीननं वाचलीच नाही, त्या ओळीतली सगळी उत्तरं गेली. भिंगरी धावत शेजारच्या दारात गेली.

जाऊबाईंनी ऐकून घेतलं. “आडवी राहिली ना? इस्त्री तुला कधी जमलीच नाही,” म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.

मशीन आलं. दाखला असलेली एकटी भिंगरी, म्हणून स्क्रीन तिच्याकडे गेला. मशीनच्या तोंडाशी दोन माणसं ठेवायची तर मॅनेजरनं एकेक जोडी उभी करून बघितली. चादर ताणून दोन्हीकडून एकाच क्षणी सोडावी लागते, जरा मागेपुढे झालं की मशीन अडतं. ज्या जोड्यांनी वर्षानुवर्षं एकमेकांच्याच सवयीनं काम केलं होतं, त्या अडल्या. न अडता चालली एकच जोडी, जाऊबाई आणि पतंग. इतके महिने संध्याकाळी त्या वाकड्या घडीशी झुंजून जाऊबाईंना कुणाबरोबरही चालता येत होतं, आणि पतंगालाही कुणीतरी शेवटी जमिनीवर आणलं होतं. बाकीच्यांतल्या काहींना मळकट कपडे वेगळे करायला पाठवलं. त्यांतल्या दोघी काम सोडून गेल्या. त्यांच्याकडे भिंगरी अजून अधूनमधून जाते, उंबऱ्यात उभी राहते आणि मास्तरच्या वर्गाची वेळ सांगून येते.

स्क्रीनपाशी एक खुर्ची दिलीय. फिरती, पाठीला गादी असलेली. मॅनेजर रोज येऊन विचारतो, “बाई, बसत का नाही?”

“बसलेय की,” भिंगरी म्हणते, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत, स्क्रीनवरची अक्षरं ओठांनी वाचत.

खुर्चीवर जाऊबाई असतात. चादरींची गाडी यायला उशीर झाला की गुडघे चोळत तिथे येऊन बसतात, एक गिरकी घेतात आणि म्हणतात, “काय लिहिलंय गं वर, वाच मोठ्यानं.”