दुसऱ्या जिन्याच्या मॅडम

प्रज्ञाताई सोनकांबळे यांची आणि माझी पहिली गाठ पडली ती भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात, औसा तालुक्यातल्या एका गावात. दोघेही नवे कनिष्ठ अभियंते, पुनर्वसनाच्या घरांवर देखरेखीला नेमलेले. मी सावली शोधत होतो आणि मॅडम गवंड्याशी वाद घालत होत्या. दार-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना काँक्रीटचा पट्टा फिरलाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

"बाई, एवढं सिमेंट कशाला जिरवून राहिल्या?" गवंडी म्हणाला.

"बाजंचा सुंभ ढिला असला तर झोपता का तुम्ही? भिंत बी आवळून बांधावी लागती."

गवंडी हसला आणि पट्टा फिरला. मूळच्या इकडच्याच, नांदेडकडच्या उमरीच्या असल्याने मॅडमना लोकांशी त्यांच्याच बोलीत बोलता येई. नियमाची भाषा त्या फक्त कागदावर वापरत.

पुढे आम्ही दोघेही लातुरात बांधकाम परवानगीच्या कामावर आलो. शहर क्लासेसनी भरून गेले होते. जिथे प्लॉट तिथे हॉस्टेल, खिडक्यांना लोखंडी जाळ्या, प्लायवूडच्या खोल्या, एकच जिना आणि त्याच जिन्याखाली विजेचे मीटर. भूकंपाने हादरलेल्या आमच्या या शहराला आगीचे मात्र काहीच वाटत नव्हते. पालक यायचे, खालच्या गेटचे भले मोठे कुलूप हलवून बघायचे आणि 'कडेकोट आहे' म्हणत समाधानाने पैसे भरायचे.

मुलींच्या अशाच एका हॉस्टेलची परवानगी मॅडमनी अडवली. दुसरा जिना हवा, नाहीतर मुली ठेवायच्या नाहीत. मालक वैतागले. "मॅडम, कितीबी मोठा भूकंप येऊ द्या, ही बिल्डिंग हलणार न्हाई!"

"बिल्डिंग हलू नये, बरोबर हाय. पोरींना हलता आलं पायजे."

मग मॅडमच्या बदलीची कुजबुज सुरू झाली. मी घाबरून ती त्यांच्या कानावर घातली, तर म्हणाल्या, "बदली होईल तिथं बी जिने असतीलच की." अशा बाईंबरोबर एका खोलीत नोकरी करणे सोपे नसते, हे या निमित्ताने नोंदवून ठेवतो.

विशेष म्हणजे खरा विरोध पालकांचाच होता. लोह्याचे एक शिक्षक आपल्या मुलीला घेऊन हे हॉस्टेल बघायला आले होते. ते म्हणाले, "दुसरं दार नकोच, मॅडम. पोरीची जात हाय. आत येणारा त्यातूनच येईल." मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी गुरुजींना वरच्या मजल्यावर नेले, त्यांच्याच खिशातली दस्ती त्यांच्या डोळ्यांवर बांधली आणि म्हणाल्या, "धूर झालाय समजा. या खाली."

गुरुजी भिंत चाचपत निघाले. एकदा जाळीला धडकले, एकदा न्हाणीघरात शिरले. शेवटी कसेबसे गेटपाशी पोचले, तर तिथे कुलूप.

"किल्ली कुणाकडं हाय?" मॅडमनी विचारले.

"वॉचमनकडं," मालक म्हणाले.

"आन् वॉचमन?"

"चहाला गेलाय."

गुरुजींनी दस्ती सोडली आणि ते कुलूप हलवून पाहिले. मग मालकांना म्हणाले, "जिना बांधा. तवर पोरगी माझ्यासंगं घरी चालली." बाकीचे पालकही त्यांच्या बाजूने झाले. मालकांनी मागच्या बाजूला लोखंडी जिना उभारला. त्याचे दार मॅडमनी स्वतः सुचवले होते. ते आतून नुसते ढकलले की उघडायचे, बाहेरून मात्र उघडायचे नाही. पालकांची भीती खोटी आहे असे त्या कधीच म्हणाल्या नाहीत. पुढे प्रत्येक हॉस्टेलच्या परवानगीत ही अट आली आणि मीटरही जिन्याखालून हलवायला लावले गेले.

त्यांच्या मायेबद्दलही सांगितले पाहिजे. माझे वडील नांदेडला दवाखान्यात होते, तेव्हा मॅडम सुट्टीच्या दिवशी लातूरहून त्यांच्यासाठी भाकरी-पिठलं घेऊन येत. पहिल्याच दिवशी त्यांनी वडिलांना वॉर्डातून बाहेर पडायचा दुसरा रस्ता समजावून सांगितला. वडिलांना तेव्हा कुशीवरही वळता येत नव्हते. पण त्या रस्त्यात रचलेल्या खाटा मॅडमनी हलवायला लावल्याच.

आणि मग एका दुपारी मुलींच्या त्या पहिल्याच हॉस्टेलमधले मीटर पेटले. ते अजून हलवायचे राहिले होते. पुढचा जिना धुराने भरला. आम्ही धावत पोचलो, तेव्हा सगळ्या मुली मागच्या गल्लीत उभ्या होत्या, कुणी अनवाणी, कुणी हातात पुस्तक घेऊन. मॅडमनी खोलीवार चौकशी केली. कुणीही आत राहिलेली नव्हती. तेवढ्यात लोह्याच्या गुरुजींची मुलगी पुढे झाली. "मॅडम, उद्याची टेस्ट कॅन्सल हाय का?"

मॅडम तिथेच एका पायरीवर बसल्या. त्या हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. इतक्या वर्षांच्या सहवासात मी त्यांना रडताना तेवढेच एकदा पाहिले.

मॅडम, आज आपण साठ वर्षांच्या झालात. आपल्याला निरोगी आणि भरभरून आयुष्य लाभो. गल्लीत उभ्या असलेल्या त्या मुलींपैकी कितीतरी जणी आता डॉक्टर आहेत. त्यांच्यापैकीच एखादीने वर्षानुवर्षे आपली नाडी बघावी आणि दर वेळी 'काही झालेलं नाही, घरी जा' असे सांगावे. समोर बसलेल्या बाई कोण, हे तिला ठाऊक नसले तरी चालेल. ती डॉक्टरच्या खुर्चीत असावी, एवढ्यासाठीच तर आपण भांडलात.