दालमिलचं कुलूप आणि आमचा युद्धविरोधी ठराव

जळगावच्या पिंप्राळ्यात आमचं एक अभ्यासमंडळ होतं. दर रविवारी सकाळी दहाला आम्ही आठ-नऊ जण आबांच्या वरच्या मजल्यावर जमायचो आणि दुपारी एकपर्यंत जग बदलायचो. आबा म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले आमचे अध्यक्ष. आवाज खणखणीत, वाचन दांडगं, आणि एकदा बोलायला उभे राहिले की समोरच्याला खाली बसायची सोय नाही. त्यांच्यानंतर वजन होतं ते कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांचं. ते बोलण्याआधी चष्मा काढत आणि तो पुन्हा डोळ्यांवर चढेपर्यंत एखादं सरकार कोसळलेलं असे. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. मंडळात माझ्याकडे दोन कामं होती, इतिवृत्त लिहिणं आणि चहाचे कप खाली नेऊन देणं. दोन्ही मी निष्ठेनं केली.

रशियानं युक्रेनमध्ये फौजा घातल्या तेव्हा मंडळानं तातडीनं ठराव करायचं ठरवलं. पहिल्याच वाक्याला गाडी अडली. प्राध्यापक म्हणाले, याला आक्रमण म्हणायचं. आबा म्हणाले, मागची पार्श्वभूमी बघता लष्करी कारवाई म्हणायचं. पाश्चात्त्य राष्ट्रांच्या लष्करी आघाडीनं आधी काय काय केलं, ते आबांनी तीन रविवार सांगितलं. प्राध्यापकांनी पुढचे तीन घेतले. सातव्या रविवारी मी 'घडामोड' हा शब्द सुचवला. त्या दिवशी दोघांचं एकमत झालं, की मी संधिसाधू आहे. मग मंडळ फुटलं. चौघं आबांकडे राहिली, चौघं प्राध्यापकांच्या घरी जमू लागली. मी दोन्हीकडे जायचो, कारण दोन्हीकडे इतिवृत्त लिहायला कुणी नव्हतं. तिकडे युद्ध चालूच राहिलं. आमचा ठराव नसल्यामुळे त्याचं काही अडलेलं दिसलं नाही.

आबांच्या खालच्या दोन खोल्यांत एक भाडेकरू बाई राहायच्या. सगळे त्यांना अक्का म्हणायचे. मूळच्या साक्रीकडच्या, बोलत अहिराणीतच. नवरा गेल्यावर जळगावला आल्या आणि एका दालमिलमध्ये धान्य निवडायला लागल्या. दिवसभर डाळीची पूड अंगावर घेऊन घरी येत, तेव्हा भुवयासुद्धा पिवळ्या झालेल्या असत. आमच्या डोक्यावरच्या चर्चा त्यांना खाली ऐकू जात असणार. पण त्या कधी वर आल्या नव्हत्या.

एका रविवारी आल्या. तेव्हा गाझात बाँबहल्ले चालू होते, आणि निदान त्या प्रश्नावर तरी दोन्ही गटांचं एकमत होतं का ते बघावं म्हणून आबांनी प्राध्यापकांनाही बोलावलं होतं. अक्का दारात उभ्या राहिल्या. पदर खांद्यावरून घेतला आणि म्हणाल्या, "आबा, एक अर्ज लिखी द्या."

प्रकरण असं होतं. मिलमध्ये बायकांसाठी एकच संडास होता. बाया तिथं जाऊन वेळ घालवतात असं शेठला वाटलं आणि त्यानं तिथं कुलूप घातलं. चावी मुकादमाकडे. सकाळी एकदा उघडणार, जेवणाच्या सुट्टीत एकदा. एप्रिल महिना होता, जळगावचा एप्रिल. बायकांनी पाणी पिणंच कमी केलं. आदल्या दिवशी एक बाई चक्कर येऊन निवडायच्या ढिगावरच पडली. डॉक्टरनं विचारलं, पाणी का पीत नाहीस? ती काय सांगणार?

प्राध्यापकांनी चष्मा काढला.

"हा प्रश्न सुटा बघता येणार नाही," ते म्हणाले. "हे शरीरावरचं नियंत्रण आहे. याला जागतिक संदर्भ आहे."

"अगदी बरोबर," आबा म्हणाले. मंडळ फुटल्यापासून ते एकमेकांना पहिल्यांदाच बरोबर म्हणत होते. अक्का एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिल्या. शेवटी आबा माझ्याकडे वळले, "मास्तर, लिहा तुम्ही."

मी लिहिला. खरं सांगतो, मनापासून लिहिला. दीड पान झालं. संध्याकाळी खाली नेऊन वाचून दाखवला. अक्कांनी सगळा ऐकला, मध्ये एकदाही टोकलं नाही. मग विचारलं, "भाऊ, याम्हा कुलूप कोठे शे?"

मी कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. कुलूप शेवटच्या परिच्छेदात होतं. त्याला मी 'स्वच्छताविषयक पायाभूत सुविधांचा संकोच' असं म्हटलं होतं. नवउदारमतवाद तीन ठिकाणी आला होता. अक्का हसल्या नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी कागद नीट घडी घालून मला परत दिला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एका मुस्लीम बाईच्या मुलीनं वहीच्या पानावर दोन ओळींचा अर्ज लिहिला आणि सगळ्या बायकांनी त्यावर अंगठे आणि सह्या केल्या. शेठनं तो घेतला आणि टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाखाली ठेवला.

आठवड्यानं अक्का पुन्हा वर आल्या. "बुधवारले आम्ही गेटवर बठसूत. आबा, तुम्ही या. भाषण करा."

आबांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. चाळीस वर्षं ज्या कामगारवर्गाची ते वाट बघत होते, तो जिना चढून वर आला होता आणि चक्क भाषण मागत होता. प्राध्यापकही यायला तयार झाले. फक्त फलकावर काय लिहायचं यावरून मंगळवारी उशिरापर्यंत फोन चालले, आणि शेवटी आम्ही कोरा लाल कपडा घेऊन गेलो.

बुधवारी सकाळी एमआयडीसीतल्या त्या मिलच्या गेटसमोर तीसेक बाया बसल्या होत्या. साड्यांवर पुरुषांचे शर्ट, डोक्याला फडकी. आबांनी हातातला भोंगा सुरू केला. लॅटिन अमेरिकेपासून सुरुवात झाली. गेट उघडून शेठ स्वतः बाहेर आला. पन्नाशीचा, पांढराशुभ्र शर्ट, कपाळाला गंध. त्यानं वॉचमनला खुर्ची आणायला सांगितली आणि हात जोडून समोर बसला. थोड्या वेळानं आम्हा सगळ्यांना थंडगार ताक आलं. आबा मला हळूच म्हणाले, "माणूस सुसंस्कृत दिसतो." आणि ते व्हिएतनामकडे वळले. शेठ मधूनमधून मान हलवत होता. मला वाटतं, त्याला खरंच मजा येत होती.

मी लाल कपड्याचं एक टोक धरून उभा होतो, दुसरं प्राध्यापकांनी धरलं होतं. हात भरून आला म्हणून मी जरा वळलो, तर समोरच्या रांगेतल्या बाया निम्म्याच दिसल्या. पुन्हा पाहिलं तर आणखी कमी. दोन-दोन, तीन-तीन करून त्या उठत होत्या आणि शेठच्या पाठीमागून, उघड्या गेटातून आत जात होत्या. वॉचमन खुर्चीमागे उभा राहून भाषण ऐकत होता.

आतून एक नोकर धावत आला आणि शेठच्या कानाशी लागला. शेठ ताडकन उठला. मी लाल कपडा सोडून त्याच्या मागे गेलो.

एसी ऑफिसात सुरतहून आलेले दोन व्यापारी सोफ्यावर आक्रसून बसले होते. त्यांच्यासमोरून, शेठच्या खासगी संडासाच्या दारापासून ते पार बाहेरच्या वऱ्हांड्यापर्यंत बायकांची रांग लागली होती. कुणी आरडाओरडा करत नव्हतं, कुणी घोषणा देत नव्हतं. एक आत जायची, भरपूर वेळ घ्यायची, शांतपणे हात धुऊन बाहेर यायची आणि रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभी राहायची. डाळीची पिवळी पावलं पांढऱ्या फरशीवर उमटली होती.

"हे काय चाललंय?" शेठ ओरडला.

अक्का रांगेत मध्यावर होत्या. त्या म्हणाल्या, "शेठ, आम्हनं बंद शे. तुम्हनं उघडं व्हतं."

दोघांपैकी एका व्यापाऱ्याला हसू आवरेना. बहुधा त्या हसण्यानंच काम केलं. अर्ध्या तासात मुकादम चावी घेऊन आला आणि बायकांसमोर कुलूप काढलं गेलं. मी बाहेर आलो तेव्हा आबा क्युबापर्यंत पोचले होते. श्रोते उरले होते वॉचमन, एक रिक्षावाला आणि प्राध्यापक, जे लाल कपडा एकट्यानं दोन्ही हातांनी ताणून धरून उभे होते.

घरी येताना रिक्षात मी अक्कांना विचारलं, "तुमचं हे आधीच ठरलं होतं?"

"मंग काय! आबासनं भाषण लांबस, हाई बठ्ठ्यासले माहित शे," त्या म्हणाल्या. "म्हनीसन तं बलायं."

भाषण लांबतं म्हणूनच बोलावलं होतं, हे मी आबांना आजवर सांगितलेलं नाही.

त्या आठवड्यात दोन पत्रकं निघाली. एकात आबांच्या गटानं या लढ्याचं नेतृत्व केलं होतं, दुसऱ्यात प्राध्यापकांच्या गटानं. दोन्ही मीच लिहिली होती. संडास हा शब्द दोन्हींत नव्हता.

पुढे धुळ्याला युद्धविरोधी सभा ठरली. म्हणजे दोन सभा ठरल्या, एकाच दिवशी, एकाच मैदानावर, कारण दोन्ही गटांनी एकमेकांना न विचारता परवानगी मागितली होती. अक्का आणि आणखी सात-आठ बाया आमच्याबरोबर एसटीनं आल्या. येताना त्यांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा आणला होता, तो पारोळ्यापर्यंत दोन्ही गटांनी मिळून संपवला. मैदानावर मात्र पुन्हा तोच वाद, आधी सभा कुणाची. बंदोबस्तावरचा हवालदार बराच वेळ ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, "साहेब, तुम्ही दोघंही युद्धाच्या विरोधातच आहात ना? मग भांडता कशाला?" याला उत्तर नसल्यामुळे एकच सभा झाली.

पाच भाषणं झाली. माणसं घड्याळं बघायला लागली. मग कामगार महिलांचं प्रतिनिधित्व म्हणून अक्कांना उभं केलं. त्या भोंगा हातात धरायला तयार नव्हत्या. तशाच बोलल्या.

"आम्हना मिलम्हा वाटाणा येस रशियाथून. तूर येस आफ्रिकाथून. मांगे दोन महिना वाटाणा उनाच नही. मी मुकादमले इचारं, काबरं? तो बोलना, तठे समुद्रम्हा बोटीस्वर गोळा टाकी राहिनात, बोटी लांबथून फिरीसन येतस. आम्हनं काम बंद पडनं. तठे गोळा पडना, आन आठे मन्ही चूल बंद. मंग जठे गोळा पडस, तठल्या बायास्नं काय व्हयनं व्हई? त्या पानी कोठे पितस? त्या कोठे जातस?"

एवढंच बोलून त्या खाली बसल्या. आबा माझ्याकडे वाकून म्हणाले, "मी हेच तर मांडत असतो." प्राध्यापक म्हणाले, "अनुभव आहे, पण सिद्धान्त नाही." आणि मी, जो वीस वर्षं नववीच्या पोरांना फळ्यावर खडूनं तांबडा समुद्र आणि सुएझ कालवा काढून दाखवतोय, मैदानावरच्या मातीकडे बघत बसलो. शाळेत जाताना रोज त्या मिलवरून जातो. आतला वाटाणा कुठून येतो, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

सुखान्त करायचा असता तर इथं थांबलो असतो. शेठनं मात्र अपमान लक्षात ठेवला. दिवाळीनंतर मिलमध्ये रंग ओळखून दाणे निवडणारं यंत्र आलं. एका तासात ते तीस बायकांचं दिवसभराचं काम करतं, पाणी पीत नाही आणि त्याला कुठं जावंही लागत नाही. निम्म्या बाया कमी झाल्या. अक्कांचं नाव पहिलं होतं. संडास अजून उघडाच आहे म्हणतात. आम्ही कामगार कार्यालयात चार खेपा घातल्या. त्यातून पाच-सहा जणींना पॅकिंगला परत घेतलं, अक्कांना नाही.

त्यांनी हाय खाल्ली नाही. आता त्या पिंप्राळ्यातच एका मसाल्याच्या गिरणीत आहेत. भुवया पिवळ्याच्या तांबड्या झाल्यात, एवढाच फरक. मी दोन्ही मंडळांत जाणं हळूहळू कमी केलं. आबांनी मला पराभूत मनोवृत्तीचा म्हटलं, प्राध्यापकांनी अनुभववादी. दोघांचंही थोडं खरं असेल.

परवा तिखट दळायला गेलो होतो. अक्का बाहेर येऊन पायरीवर बसल्या, नाक पुसलं आणि म्हणाल्या, "भाऊ, टीव्हीवर दखाडी राहिनात, आखो नवीन युद्ध लागनं. कोठे शे ते?"

मी मोबाइलवर नकाशा काढला, त्यांच्यासमोर धरला आणि बोट ठेवलं. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"तठे बाया काय काम करतस?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं. सांगताना अजिबात लाज वाटली नाही असं नाही, पण भाषण करावंसंही वाटलं नाही.

"मंग इचारी ठेवा," त्या म्हणाल्या, आणि माझा तिखटाचा डबा उचलून आत गेल्या.