एक रेघ, आबा

कार्ल्याची तेजल ओव्हाळ चित्रकथेच्या पानांवर शाई चढवायला लोणावळ्याच्या भिकाजी गराड्यांकडे, म्हणजे आबांकडे शिकली. श्वास रोखून ब्रशची रेघ एका दमात ओढायची, जाड सुरू करून केसासारखी संपवायची, एवढं जमायला तिला चार वर्षं लागली. पुढे आबांचा हात थरथरू लागला. पेन्सिलीची चित्रं ते कशीबशी काढत, शाई तेजल चढवी आणि सही आबा करत. सहीपुरता हात स्थिर राही, हे विशेष. "ही कोण?" असं कुणी विचारलं, की आबा सांगत, "ब्रश धुते. पोरगी कामसू आहे."

अशी तीन वर्षं गेल्यावर वडगावात आबांचा सत्कार ठरला, तोही त्यांच्या निष्कंप रेषेबद्दल. लोकांना प्रात्यक्षिक आवडेल, असं तेजलनं आयोजकांना आधीच सुचवून ठेवलं होतं. शाल-श्रीफळ झाल्यावर तिनं अदबीनं टेबलावर कोरा कागद, दौत आणि स्वच्छ धुतलेला ब्रश मांडला.

"आबा, एक रेघ दाखवा की. लोक लय लांबनं आलेत."

"आज नको गं."

"एकच, आबा."

ब्रश टेकला आणि कागदावर रेघेऐवजी मुंग्यांची रांग उमटली. आबांनी ब्रश खाली ठेवला.

"तीन वर्षं शाई हिच्याच हातची आहे," ते माइकमध्ये म्हणाले.

मागाहून आपल्याला वाईट वाटेल, अशी तेजलची अपेक्षा होती. लोकल येईपर्यंत तिनं वाट पाहिली. वाटलं नाही.